खिडकीजवळचं टेबल

मास्तरांच्या हातचा जोड सुटत नाही, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. एकतीस वर्षं ते खरंही होतं.

कारखाना लहानच. शीतगृहांना लागणारी गारव्याची यंत्रं तिथे बनत. पत्र्याच्या लांबट शेडच्या एका टोकाला ओळीनं चार टेबलं होती. तांब्याच्या नळ्या पितळी व्हॉल्व्हना वितळवलेल्या धातूचा डाख देऊन जोडायचं काम तिथे चाले. या नळ्यांतून दाबाखालचा गॅस फिरतो, आणि यंत्र रात्रंदिवस थरथरत असतं. जोड कच्चा राहिला तर आज ना उद्या तो तोंड उघडणारच. म्हणून या चार टेबलांवर कुणालाही बसवत नसत. पहिलं टेबल मास्तरांचं. दुसरं, खिडकीजवळचं, ताईंचं.

ताई अकरा वर्षांपूर्वी आल्या तेव्हा तिशीच्या होत्या. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, घरी म्हातारी सासू. बाईच्या हातात गॅसची बत्ती द्यायला मुकादम तयार नव्हता. मास्तर म्हणाले, "बत्तीला काय कळतंय हात कुणाचा आहे ते?" आणि त्यांनी स्वतः तिला शिकवलं.

शिकवताना मास्तरांचं तोंड अखंड चाले. "नळी आधी घासून लख्ख कर. बोटसुद्धा लावू नकोस, बोटाचं तेल लागतं. नळी आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट केसाएवढी हवी. जास्त झाली तर डाख आत चढत नाही, नुसता ओघळतो. आणि डाख कधी ओतायचा नसतो ताई, आमटी आहे का ती? दोन्ही धातू सारखे तापले की ते स्वतःच त्याला आत ओढून घेतात." मग आवाज उतरवून खरी गोष्ट सांगत, "सगळं आहे ते रंगात. जोडाला लावलेला लेप पाण्यासारखा पारदर्शक झाला आणि तांबं विटकरी लाल दिसलं, की डाखाची कांडी टेकव आणि ज्योत मागे घे. तांबं नारिंगी झालं म्हणजे उशीर झाला. पितळातलं जस्त जळून पांढरा धूर निघतो, डाखाला बारीक बारीक भोकं पडतात, तांबं भुसभुशीत होतं. वरून जोड असा देखणा दिसतो की बघत राहावं. आत सगळा वाळवी लागलेला."

खिडकीजवळच्या टेबलाची एक खोड होती. दिवसाच्या उजेडात तापलेला धातू आहे त्यापेक्षा थंड वाटतो. लाल झालेलं तांबं काळपटच दिसतं आणि माणूस आणखी तापवत बसतो. म्हणून मास्तरांनीच त्या खिडकीला पत्र्याचा एक तुकडा आडवा टांगून दिला होता. "उजेड फसवतो," ते म्हणाले होते. "याला हात लावायचा नाही."

साठीला दोन वर्षं उरली असताना मास्तरांच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी यायला लागलं.

पहिल्यांदा ते बायकोच्या लक्षात आलं. भाजीतला खडा त्यांना दिसेना, समोरून येणारा ओळखीचा माणूस ओळखू येईना. "अहो, डोळे दाखवून या एकदा," ती म्हणाली.

"बत्तीसमोर आयुष्य गेलंय. थोडं अंधुक व्हायचंच."

"थोडं? काल तुम्ही शेजारच्यांच्या चपला घालून कामावर गेलात."

मास्तर हसले आणि तो विषय हसण्यावारी गेला. पण मनातून त्यांची पाचावर धारण बसली होती. टेबलावर डोळ्यांवाचून काय उरतं? मुकादमाला कळलं तर उद्यापासून गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. ज्या माणसाला नवीन लोक जोड दाखवायला आणतात, त्यानं गाड्यांचे नंबर लिहायचे? त्यांनी तोंडाला कुलूप घातलं.

हिवाळ्यात शेडमध्ये काळोखी आली तशी त्यांना फटसुद्धा दिसेना. एके सकाळी ते ताईंना म्हणाले, "थोडे दिवस टेबल बदलूया का? मला तिथे जरा उजेड बरा पडेल."

ताई लगेच उठल्या. ज्यानं हातात बत्ती दिली त्याला टेबल द्यायला विचार कसला करायचा? वहीत मात्र काही बदललं नाही. वहीत टेबलाचा नंबर आणि त्यापुढे ठरलेलं नाव असे, आणि मुकादम दुपारी न बघताच शिक्के मारत जाई. मास्तर खिडकीजवळ बसले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो पत्रा काढून भिंतीला टेकवून ठेवला.

त्यांना फट दिसायला लागली. रंग मात्र दिसेनासा झाला. लेप पारदर्शक कधी झाला ते आता कळतच नव्हतं. ते अंदाजानं तापवत, खात्री वाटेना म्हणून आणखी तापवत.

आठ-दहा दिवसांनी ताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मास्तर, धूर येतोय."

"कसला?"

"पांढरा. तुमच्या व्हॉल्व्हवरून. मघाशी पण आला होता."

मास्तरांनी बत्ती विझवली आणि तिच्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता तू मला शिकवणार? काल बत्ती धरायला शिकलीस आणि आज मास्तर झालीस?"

पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले. ताई जागेवर गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मास्तरांनीही पत्रा परत टांगला नाही. जोड पाण्यात बुडवून दाबाची चाचणी होई, एकही बुडबुडा येत नसे, आणि मास्तर मनाला समजावत की हातात अजून जोर आहे, डोळ्यांचं काय एवढं. थंडी सरेपर्यंत ते तिथेच बसले. मग उजेड वाढला आणि टेबलं पूर्ववत झाली.

चार महिन्यांनी बातमी आली. एका शीतगृहातलं यंत्र नीट गार करत नाही म्हणून मेकॅनिक गेला होता. त्यानं व्हॉल्व्हला पाना लावला मात्र, नळी जोडापासून तुटली. आतला द्रव गॅस त्याच्या उजव्या हातावर उडाला. तो इतका थंड असतो की कातडी जाळतोच. मेकॅनिकची तीन बोटं काढावी लागली.

तुटलेला जोड कारखान्यात आला. तपासणाऱ्या माणसानं तो करवतीनं उभा कापला, घासून चकचकीत केला आणि मालकांच्या टेबलावर ठेवला. आत भोकंच भोकं होती. डाख अर्ध्यातच थांबला होता आणि तांबं कडेनं खाल्लं गेलं होतं. "जास्त तापवलंय," तो म्हणाला. "फार जास्त."

वही काढली. टेबल दोन. पुढे ताईंचं नाव.

ताईंना आत बोलावलं, मास्तरांनाही. मालक खुर्चीत होते, मुकादम भिंतीला टेकून उभा होता. ताई तारीख बघून म्हणाल्या, "साहेब, त्या महिन्यात मी या टेबलावर नव्हते. आम्ही टेबलं बदलली होती. मास्तर, सांगा ना."

मुकादमानं मास्तरांकडे पाहिलं. टेबलं बदललेली कळत असूनही त्यानं शिक्के मारले होते, त्यामुळे त्याचाही जीव टांगणीला लागलेला. त्यानं अगदी बेतानं विचारलं, "मास्तर, एखाद-दोन दिवस बसला असाल तुम्ही तिथे. या तारखेला होतात का?"

मास्तरांसमोर तो कापलेला तुकडा होता. डोळ्यांना नीट दिसत नव्हता, म्हणून त्यांनी बोटानं चाचपला. व्हॉल्व्ह पकडीत नेहमी एकाच बाजूनं बसतो, आणि माणूस जिथे कांडी उचलतो तिथे डाखाचा बारीकसा उंचवटा राहतो. उजव्या हाताच्या माणसाचा तो उजवीकडे येतो. हा डावीकडे होता. चारही टेबलांवर डावखुरे एकटे मास्तरच होते. त्यांनी तुकडा खाली ठेवला.

"एखाद-दोन दिवस बसलो असेन," ते म्हणाले. "या तारखेचं काही आठवत नाही."

ताईंनी पुन्हा काही म्हटलं नाही. त्याच आठवड्यात त्यांना काढून टाकलं. कारखानाभर झालं की ताईंच्या हातामुळे एका माणसाची बोटं गेली आणि वर त्यांनी ते मास्तरांवर ढकलायला पाहिलं. "ज्याच्या हाताखाली शिकावं, त्याच्याच नावानं खापर फोडावं!" लोक मास्तरांना ऐकू जाईल असं म्हणत. त्यांना वाटे, मास्तरांना बरं वाटेल.

पुढे जे झालं ते मास्तरांना जास्त जड गेलं. मालकांनी तो कापलेला जोड एका लाकडी ठोकळ्यावर बसवला आणि नवीन येणाऱ्यांना काय करू नये ते शिकवायला मास्तरांच्याच ताब्यात दिला. मास्तर तो हातात घेऊन सांगत, "हे बघा, असं होतं जास्त तापवल्यावर." कुणीतरी विचारी, "हा त्या बाईंनी केलेला ना?" मास्तर मान हलवत. ती हो होती की नाही, हे विचारणाऱ्यानं आपल्या सोयीनं ठरवावं. असं त्यांनी तीनदा केलं. प्रत्येक वेळी घरी येऊन जेवण टाकून उठले.

डोळ्यांची गोष्ट मात्र आता लपण्यासारखी राहिली नव्हती. बायकोनं एक दिवस हाताला धरून दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. दीड महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांच्या कोटाचा पांढरा रंग बघून त्यांना आश्चर्य वाटलं. इतके दिवस त्यांना सगळं पांढरं पिवळटच दिसत होतं आणि ते पिवळट आहे हेही कळत नव्हतं.

रजा संपवून कामावर गेले त्या सकाळी त्यांनी कपाटातून तो ठोकळा काढला आणि पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी पाहिला. भोकं इतकी की मोजणं मुश्कील. बोटांना हे कळलं नव्हतं. नळीची कड कुरतडल्यासारखी. शिकाऊ माणसाच्या पहिल्या दिवसाचं काम असतं तसं. नुसतं बघून ते खुर्चीत बसले. मग त्यांना हिशेब आठवला. हा एकच जोड थोडाच होता? त्या हिवाळ्यात त्या टेबलावरून आणखी तेवीस यंत्रांचे जोड गेले होते. ते सगळे कुठे ना कुठे या क्षणी थरथरत होते.

ते तसेच मालकांच्या खोलीत गेले.

"साहेब, हा जोड माझा आहे."

मालकांनी चष्मा काढला. "मास्तर, आत्ताच ऑपरेशन झालंय तुमचं. जरा आराम करा."

"डोळे गेले होते माझे. कुणाला सांगितलं नाही. ताई खरं बोलत होती." मास्तरांनी उंचवट्यावर बोट ठेवलं, मग कपाटात नमुना म्हणून ठेवलेले चौघांचे जोड आणून शेजारी मांडले. तीन उजवीकडे. त्यांचा आणि तुटलेला डावीकडे. "आणि असेच आणखी बाहेर आहेत. बदलून घ्या, नाहीतर अजून कुणाचा हात जाईल."

मालकांनी जोड एकेक उचलून पाहिले. "हे आणखी कुणाला दाखवलंत?"

"नाही."

"मग दाखवू नका." ते उठून दाराशी गेले, दार लोटून परत आले. "माणसं पाठवतो. देखभाल म्हणून जातील, जोड बदलतील. कारण कुणाला कळता कामा नये. बाईचं जे झालं ते झालं. आता ते उकरलं तर कारखाना बसेल, आणि इथे चाळीस घरं जेवतात. तुम्ही उद्यापासून घरी राहा. सन्मानानं निरोप देऊ."

"सन्मान नको, साहेब."

"तसं म्हणू नका. लोक विचारतील."

जोड खरंच बदलले गेले, एवढं श्रेय मालकांच्या पदरात टाकायला हवं. तेवीसांपैकी चार ठिकाणी केसासारखी चीर सापडली. ते मास्तरांना मागाहून जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. निरोपाचा हार त्यांनी घातला नाही. हातातच धरून गेटबाहेर पडले.

बायकोला त्यांनी त्या दुपारी सगळं सांगितलं. ती कपडे घडी घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"ती आपल्याकडे यायची," ती म्हणाली. "माझ्या आजारपणात आठ दिवस डबा आणला होता तिनं. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होता इतके महिने."

"जेवत नव्हतो," मास्तर म्हणाले. यावर तिनं जे पाहिलं त्यांच्याकडे, ते त्यांना नव्या डोळ्यांनी स्वच्छ दिसलं.

आधी ते मेकॅनिककडे गेले. तो दुकानाच्या मागच्या खोलीत डाव्या हातानं स्क्रू फिरवायची सवय करत होता. मास्तरांनी उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग हसला, पण हसू चांगलं नव्हतं.

"सहा महिने त्या बाईला शिव्या घालतोय मी. रोज सकाळी, बटणं लावताना. आता कुणाला घालू?"

"मला घाला."

"तुम्ही समोर उभे आहात हो. समोरच्याला जमत नाही." त्यानं स्क्रू खाली ठेवला. "जा तुम्ही. जा."

ताईंचं घर शोधायला वेळ लागला, कारण त्यांनी जुनी जागा सोडली होती. जिना चढून वर एकच खोली. ताई दाराजवळ जमिनीवर बसून खेळण्यांच्या छोट्या घंटांना कथलाचा डाग देत होत्या. घरबसल्याचं काम. समोर ढीग पडलेला. सासू खाटेवर, मुलगी भिंतीशी वही घेऊन. मास्तरांना बघून ताईंनी हातातली डाग द्यायची इस्त्री स्टँडवर ठेवली. या म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत.

मास्तरांनी खिशातला कागद काढला. "लिहून आणलंय मी. तो जोड माझा होता, टेबलावर मी होतो, तू खरं बोललीस. सही केली आहे."

"मला माहीत आहे तो तुमचा होता," ताई म्हणाल्या. "तेव्हाच माहीत होतं."

"तुला कसं?"

"अकरा वर्षं शेजारी बसले, मास्तर. तुमचा हात ओळखणार नाही का? साहेबांच्या टेबलावर बघितला आणि कळलं. मला वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. तुमचं नाव मी घेण्यापेक्षा तुम्हीच सांगितलेलं बरं. म्हणून उंचवट्याचं मी बोलले नाही." त्या थांबल्या. "मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही जोडाकडेच बघत होता."

मास्तरांनी कागद पुढे केला.

"कागद मला देऊ नका नुसता," ताई म्हणाल्या. "वाचा. मोठ्यानं. सासूबाईंना ऐकू कमी येतं."

मास्तरांनी उभ्यानंच वाचला. दुसऱ्या ओळीला ते अडखळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून वाचा." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. सासू कानामागे हात धरून ऐकत होती. संपल्यावर ती मुलीला म्हणाली, "काय म्हणाले ते?"

"आईची चूक नव्हती म्हणाले, आजी."

म्हातारी सुनेकडे बघत राहिली. मग तोंड भिंतीकडे करून पडली. या महिन्यांत त्या घरात तिनं सुनेला काय काय ऐकवलं असेल, ते मास्तरांना त्या पाठमोऱ्या आकृतीवरून कळलं.

"ताई, मला..."

"नका म्हणू," ताई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल, मग मला काहीतरी म्हणावं लागेल. आज नाही म्हणवणार." त्यांनी कागदाची घडी घालून मुलीच्या वहीत ठेवली आणि इस्त्री उचलली. मास्तर जिना उतरले तेव्हा खाली येईपर्यंत घंटा टाकल्याचे आवाज येत होते, एकामागून एक.

तो कागद दाखवून ताईंना दुसऱ्या एका कारखान्यात काम मिळालं, पण बत्तीजवळ नाही. तिथल्या माणसानं कागद वाचला, ठीक आहे म्हणाला आणि तरी माल बांधायच्या खात्यात घेतलं. एकदा कानावर आलेली गोष्ट लोकांच्या मनातून कागदानं पुसली जात नाही. जुन्या कारखान्यात तर अजूनही नवीन माणसाला तो ठोकळा दाखवून त्या बाईंची गोष्ट सांगतात. मास्तर एकदा सांगायला गेले होते, तर गेटवरच्यानं आत सोडलं नाही. ओळखत होता, तरी.

मास्तर आता घरीच असतात. डोळे उत्तम आहेत. शेजारीपाजारी गळकी किटली, तुटलेला दिवा घेऊन येतात, डाग देऊन मागतात. ते नाही म्हणतात. बायको कारण सांगत नाही, फक्त चहा विचारते. त्यांच्यात बोलणं राहिलंय ते एवढंच, पुढे काय करायचं, काय आणायचं. त्यापलीकडचं तिनं मिटवून टाकलं आहे.

दीड वर्षानं डोळे तपासायला गेले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर ताई बसलेल्या दिसल्या. सासूला घेऊन आल्या होत्या. मास्तरांना वाटलं, मागच्या मागे फिरावं. पण ताईंनी त्यांना पाहिलं होतं. मध्ये दोन माणसं सोडून ते बसले. ताई समोर बघतच म्हणाल्या, "दिसतं का नीट?"

"दिसतं."

"बरं."

मग सासूचा नंबर पुकारला. ताई म्हातारीला दंडाला धरून उठवत आत घेऊन गेल्या. मास्तरांचा नंबर अजून लांब होता. ते बसून राहिले.